तो हट्ट नव्हता, पोट दुखत होतं

आम्ही जुन्नरचे. माझ्या पाच वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे, तो बोलत नाही. रात्री ओरडायचा, डोकं आपटायचा. दादीने नजर काढली, कुणी तावीज आणला. मी, शिकलेला इंजिनिअर, ‘ऑटिझमच असा’ म्हणून गप्प बसलो. निघाली बद्धकोष्ठता. आठवडाभर शौचाला व्हायचं नाही आणि चड्डी खराब झाली की आम्ही त्यालाच रागवायचो. साचलेल्या कडक मळाच्या कडेने पातळ मळ झिरपतो, ती खोडी नसते, हे डॉक्टरांनी सांगितलं.

अशा मुलांमध्ये हा त्रास बराच आढळतो. ती मोजकंच खातात, संडासातला वास-आवाज सोसत नाहीत, एकदा दुखलं की रोखून धरतात. साबणाची वडी, एरंडेल घरच्या घरी नको. डॉक्टरांनी दिलेलं मळ मऊ करणारं औषध मध्येच सोडू नका, ते काही महिनेही लागतं. जेवणानंतर पाच मिनिटं, पायांखाली पाट देऊन बसवा.

ऑटिझमच्या निदानासाठी आम्हाला पुणे गाठावं लागलं, पण पोट तपासायला नाही. जुन्नर-आंबेगावातल्या दोस्तांनो, अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी पथक येतं, मंचरला उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथे विचारा. आणि हे काम एकट्या अम्मीवर टाकू नका. २०१६ च्या कायद्याने ऑटिझमला दिव्यांगत्व मानलंय. लाजायचंच असेल तर आपल्या गप्प बसण्याची लाज वाटू दे.