दावत आली, पण कुणाची?

लग्नसराई आली की आपल्या मोबाईलवर दावतींची रीघ लागते. पूर्वी मलकापूर-खामगावकडचे नातेवाईक कार्ड घेऊन घरी यायचे, चहापाणी व्हायचे. आता कार्ड व्हॉट्सॲपवर येते आणि आपण 'माशाअल्लाह' म्हणत ते लगेच उघडतो. चोरांची नजर नेमकी याच सवयीवर आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका सरकारी कर्मचाऱ्याला अनोळखी नंबरवरून असेच निमंत्रण आले. ३० ऑगस्टच्या लग्नाला जरूर या, असा मजकूर आणि सोबत पीडीएफसारखी दिसणारी फाईल. ती उघडल्यावर त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. ते कार्ड नव्हतेच, ॲप होते. अशा फाईलच्या नावाअखेर ए-पी-के ही इंग्रजी अक्षरे असतात. ॲप फोनमध्ये शिरले आणि आपण परवानगी दिली, की आपले मेसेज व ओटीपी चोराला दिसू लागतात.

चोर नेहमी आपल्या भरवशाच्या माणसाचा चेहरा लावून येतो. आमच्या ओळखीच्या एका सरांचा फोटो लावून कुणीतरी फेसबुकवर खोटे खाते काढले. 'अम्मी दवाखान्यात आहे, पैशांची गरज आहे,' असे त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना कळवले. एका मुलाने मजुरीचे पाच हजार पाठवून दिले. सरांच्या अम्मींचा इंतकाल होऊन तीन वर्षे झाली होती. एक फोन केला असता तर तेवढ्यातच सारे उघड झाले असते.

बेभरवशाच्या माणसाने आणलेली खबर आधी पारखून घ्या, ही ताकीद सूरह हुजुरातच्या ६ व्या आयतीत आपल्याला दिलेली आहे. ती मोबाईललाही लागू आहे. म्हणून घरात एवढे ठरवून टाकू या :

• पैसे मागणारा मेसेज आला, तर त्या माणसाच्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करायची.
• पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. पिन मागितला की समजावे, पैसे जाणार आहेत.
• स्वस्त उमराहची जाहिरात पाहून आगाऊ रक्कम भरायची नाही. हजला तर हज कमिटी ऑफ इंडिया किंवा सरकारकडे नोंदणी असलेल्या टूरवाल्यांमार्फतच जाता येते.
• व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करायचे. घरातली मुले दोन मिनिटांत करून देतील.

एवढे करूनही कुणी फसले तर? आपल्याकडे इथेच मोठी चूक होते. लोक काय म्हणतील, घरचे रागावतील, या भीतीने माणूस गप्प बसतो. तोवर पैसा एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात निघून जातो. ताबडतोब १९३० या हेल्पलाईनवर फोन केला, तर पुढच्या खात्यात रक्कम अडवली जाण्याची आशा असते. सोबत आपल्या बँकेलाही कळवावे आणि पोलिसांत तक्रार द्यावी.

फसणाऱ्याने गुन्हा केलेला नसतो. म्हणून घरातल्या अब्बांना, खालाजानला, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आजच सांगून ठेवू या : काही झाले तर आधी आम्हाला सांगा, आम्ही रागावणार नाही. हा भरवसा घरात असला, तर चोराचे अर्धे बळ तिथेच संपते.

अल्लाह आपल्या सर्वांच्या हलाल कमाईची हिफाजत करो. आमीन.