पैसा नसलेला समाज आपल्या आजीने पाहिला आहे

आमचा अभ्यासवर्ग कनेरगाव नाक्याला दर रविवारी भरतो. वीस-पंचवीस मुलं-मुली येतात. कोणी पोलीस भरतीची तयारी करतं, कोणी पुण्या-मुंबईतल्या कंपनीतून ब्रेक मिळाल्याने घरी आलेलं असतं. मागच्या महिन्यात त्यातल्या एकाने मोबाईलवर व्हिडिओ लावला. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात जॅक फ्रेस्को नावाच्या गृहस्थांनी 'व्हीनस प्रोजेक्ट' उभा केला, त्याबद्दलचा. फ्रेस्को २०१७ साली वयाच्या १०१ व्या वर्षी वारले. आयुष्यभर त्यांनी एकच गोष्ट मांडली: पैसा, कर्ज, अदलाबदल हे सगळं काढून टाका. पृथ्वीवर किती पाणी, किती धान्य, किती लोखंड आहे याचा हिशोब संगणकाने ठेवावा, कष्टाची कामं यंत्रांनी करावीत आणि ज्याला जे लागेल ते त्याने सामाईक साठ्यातून घ्यावं. याला ते संसाधनांवर आधारलेली अर्थव्यवस्था म्हणत.

मुलांना हे फार आवडलं. का आवडणार नाही? वर्गातल्या निम्म्या घरांत बचत गटाचा नाहीतर फायनान्स कंपनीचा हप्ता चालू आहे. हप्त्याच्या दिवशी घरात कसं वातावरण असतं ते ज्याने पाहिलं त्याला पैसा नसलेलं जग स्वर्गासारखंच वाटणार.

विहारात झाडलोट करायला येणाऱ्या एक आजी मागे बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "लेकरांनो, आम्ही बिनपैशाचंच राहिलोत की. सुगी आली का खळ्यावर पदर पसरून हुभं राहायचं. पायलीभर घालायचं का मापटंभर, ते देणाऱ्याच्या मनावर. कमी दिलं म्हणून बोलायची सोय नव्हती."

वर्ग एकदम गप्प झाला. हा लेख त्या शांततेतून लिहितो आहे.

आपल्या नाक्याचा इतिहास या विषयाला धरूनच आहे. पैनगंगा ओलांडली की वाशीम, म्हणजे वऱ्हाड. ते इंग्रजांच्या ताब्यात होतं. अलीकडे हिंगोली, म्हणजे निजामाचं राज्य. तिकडे कलदार रुपया चालायचा, इकडे हाली सिक्का. सुमारे ११६ हाली रुपयांना १०० कलदार असा भाव होता. म्हणजे एकाच नदीच्या दोन काठांवर दोन वेगळे पैसे. पण खेड्यातल्या महारवाड्याला या भावाशी फारसं देणंघेणं नव्हतं, कारण तिथे कलदारही पोचत नव्हता आणि हालीही. तिथे पोचायचं ते बलुतं.

समाजशास्त्राच्या पुस्तकात बलुतेदारी वाचताना मला गंमत वाटायची. परस्परांच्या सेवांवर चालणारं स्वयंपूर्ण खेडं, असं वर्णन असायचं. काही पर्यावरणवादी मंडळी आजही त्या खेड्याच्या आठवणीने गहिवरतात. बघा ना, व्हिडिओतल्या जगाच्या बहुतेक अटी त्या खेड्यात पूर्ण होत होत्या. पैसा नव्हता, वस्तू गावातल्या गावात तयार होत होत्या, काहीच वाया जात नव्हतं. मेलेल्या जनावराचं कातडंसुद्धा वाया जात नव्हतं. ते कोणाला ओढायला लावत होते, एवढा तपशील मात्र या वर्णनांतून गळतो.

महारांनी वेस राखायची, सरकारी टपाल पोचवायचं, मर्तिकाचा सांगावा गावोगाव न्यायचा, सरपण फोडायचं. बदल्यात सुगीला धान्य आणि थोडी वतनी जमीन. काम किती, ते ठरलेलं नाही. मोबदला किती, तेही नाही. बिदरच्या बादशहाकडून मिळालेल्या बावन्न हक्कांची कथा आपल्या म्हाताऱ्यांनी पिढ्यानपिढ्या सांगितली, त्यात शिळ्या भाकरीचाही हक्क होता. हक्क हा शब्द होता, पण तो बजावण्याची जागा कोणाच्या तरी खळ्यावरच होती.

बाबासाहेब या प्रश्नाकडे कसे पाहत होते? त्यांचा 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. चलनाच्या विनिमय दराबद्दलचं ते पुस्तक म्हणून आपण त्याचं नुसतं नाव घेतो. पण त्याची सुरुवातच अशी आहे की, ज्या समाजात खाजगी मालमत्ता आहे आणि प्रत्येक जण स्वतःच्या लाभासाठी धडपडतो, तिथे व्यापार होणार आणि व्यापार आला की पैसा येणारच. हे नीट वाचलं तर फ्रेस्को यांच्या कल्पनेतला क्रम उलटा आहे हे लक्षात येतं. मालमत्ता जशीच्या तशी ठेवून नुसता पैसा काढून घेतला तर समता येत नाही. ज्याच्याकडे जमीन आणि धान्य आहे त्याच्या दारात बाकीच्यांना उभं राहावं लागतं, एवढंच होतं.

पुढे १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं. त्यात महारांच्या कामाची नियमाने आखणी करावी आणि बलुत्याचं रूपांतर रोख पट्टीत करता यावं, अशी मागणी होती. म्हणजे आपल्या चळवळीची एक मोठी लढाई पैसा मिळवण्यासाठी होती. श्रीमंतीसाठी नव्हे. रोख मजुरी मोजता येते, कमी दिली तर दाखवता येते, आणि ती खिशात घेऊन माणूस गाव सोडू शकतो, म्हणून. खेडं सोडा असं बाबासाहेबांनी सांगितलं त्यामागे हेच होतं. गिरणीतही जात आडवी आलीच. तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागतो म्हणून विणकाम खात्यात आपल्या माणसांना घेत नव्हते. पण महिनाअखेरीचा पगार मोजून हातात पडत होता. ते विधेयक तेव्हा पास झालं नाही. जुन्या मुंबई इलाख्यातलं महार वतन कायद्याने संपायला १९५८ उजाडलं. बाबासाहेबांना जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

हा जुना इतिहास झाला, आता तंत्रज्ञान आलं आहे, असं वर्गातली मुलगी म्हणाली. संगणक जात पाहणार नाही, असंही ती म्हणाली. तिचा मुद्दा मला सोडून द्यायचा नाही, कारण पैशाशिवाय आणि तंत्रज्ञानाने चालणारं वाटप आपल्या गावात सुरू झालेलंच आहे. रेशनचं दुकान पाहा. १ जानेवारी २०२३ पासून अन्नसुरक्षा कायद्याखालचं धान्य मोफत झालं. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कार्डाला ३५ किलो. एक रुपयाही लागत नाही. लागतो तो अंगठा. साठ्याचा हिशोब संगणकात आणि माणसाची ओळख ई-पॉस मशीनवर. फ्रेस्को यांना अपेक्षित यंत्रणेचं हे गरीब भावंडच म्हणायचं.

आणि अडचण नेमकी तिथेच येते. ज्यांनी आयुष्यभर खुरपं धरलं, विटा उचलल्या, त्यांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीनवर अंगठा उमटत नाही. मी माझ्या कामात अशा बायकांबरोबर किती वेळा रांगेत उभा राहिलो, मोजलं नाही. कधी अंगठा चालतो तर सर्व्हर बंद असतो, कधी यादीतून नावच गेलेलं असतं. कोणी काढलं? "वरून कमी झालं." या 'वरून'ला पत्ता नाही. यंत्राने जात पाहिली नाही हे खरं आहे. पण कष्ट करणारं बोट कोणाचं असतं, हे त्या यंत्रासाठी नियम लिहिणाऱ्याने पाहिलं नाही. म्हणून रेशनचं यंत्र फोडा असं मी म्हणत नाही. मोफत धान्याने आमच्या भागात अनेक चुली पेटत्या ठेवल्या आहेत आणि दुकानात होणारा काळाबाजारही त्याच मशीनमुळे कमी झाला. प्रश्न तक्रार ऐकणाऱ्या माणसाचा आहे.

याच काळात सरकारने एक उलटी गोष्टही केली. मराठवाडा आणि विदर्भातल्या ज्या १४ जिल्ह्यांत केशरी कार्डधारक शेतकऱ्यांना स्वस्त धान्य मिळत होतं, त्यात आपला हिंगोलीही होता, तिथे २०२३ पासून धान्य थांबवून खात्यात माणशी दरमहा १५० रुपये देण्याचा निर्णय झाला. एका कार्डाला पैशाविना धान्य, दुसऱ्या कार्डाला धान्याऐवजी पैसा. दोन्ही ठिकाणी घेणाऱ्याला काय हवं ते कोणी विचारलं नाही.

सामाईक साधनांचा आपला अनुभव याहून बोलका आहे. समाजकल्याण खात्याची मिनी ट्रॅक्टरची योजना वर्गातल्या सगळ्यांना माहीत होती. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटाला ट्रॅक्टर आणि अवजारांसाठी साडेतीन लाखांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान. गटाचे ८० टक्के सदस्य आपल्या समाजाचे असायला हवेत. कागदावर हे सामाईक तंत्रज्ञानच आहे. प्रत्यक्षात मी पाहिलेल्या काही गटांत ट्रॅक्टर अध्यक्षाच्या अंगणात उभा आहे, सदस्यांना त्याची किल्ली कुठे असते तेही ठाऊक नाही. एका गटातल्या बाईने मला विचारलं, "भाऊ, ट्रॅक्टर आमचा हाय म्हणता, मग नांगरायचं कुणाचं?" गटातल्या सात जणींकडे गुंठाभरही शेत नव्हतं. ट्रॅक्टर सामाईक आणि जमीन दुसऱ्याची, मग तो ट्रॅक्टर भाड्याने जाणार आणि भाडं एकाच घरात राहणार, यात नवल नाही.

जमिनीसाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नावाची सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे. भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन. २०१८ पासून ती पूर्ण अनुदानावर आहे. म्हणजे इथे पैसा सरकार द्यायला तयार आहे, पण ठरवलेल्या दरात, आणि आपल्या माणसाला, जमीन विकणारा भेटत नाही. पैसा असूनही जमीन मिळत नाही, हे पाहिल्यावर निव्वळ पैशाला शिव्या देण्यातला फोलपणा कळतो.

मग उरतं गायरान. दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह ज्या पडीक जमिनींसाठी केले, त्याच या जमिनी. गावाची सामाईक संपत्ती म्हणजे काय, याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात जिवंत उदाहरण गायरान आहे, आणि सगळ्यात कडवट भांडणही तेच आहे. २०११ साली जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा. त्याच निकालात भूमिहीन मजूर आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारी अधिसूचनेने दिलेल्या पट्ट्यांचा अपवादही आहे. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर नोटिसा निघाल्या तेव्हा पहिला भाग सगळ्यांनी वाचला, अपवाद फार थोड्यांनी. निसर्ग आणि सामाईक साधनं वाचवण्याच्या नावाखाली आधी कोणाचं घर उठतं, ते गाव पाहून सांगता येतं.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये यावर जे सुचवलं ते आजच्या कोणत्याही व्हिडिओपेक्षा धाडसी आहे. शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, जमीन गावकऱ्यांना जात-धर्म न पाहता सामूहिक शेतीसाठी द्यावी, कोणी जमीनदार राहू नये, कोणी कूळ नको, कोणी भूमिहीन मजूर नको. पाणी, जनावरं, अवजारं, खत, बियाणं राज्याने पुरवावं. आणि हे सगळं पुढच्या सरकारच्या मर्जीवर न सोडता राज्यघटनेतच लिहावं. शेवटची अट मला सर्वात महत्त्वाची वाटते. खळ्यावर उभं राहिलेल्या बाईला जे नव्हतं ते हेच: देणाऱ्याच्या मनाबाहेरचा, लिहिलेला हक्क.

पैशाशिवाय जगणारा एक समाज मात्र आपल्या परंपरेत खरंच होता, तो म्हणजे भिक्खूसंघ. सोनं-चांदी घ्यायची नाही हा नियम इतका पक्का की महापरिनिर्वाणानंतर सुमारे शंभर वर्षांनी वैशालीच्या भिक्खूंनी उपासकांकडून नाणी गोळा केली तेव्हा यश स्थविरांनी हरकत घेतली आणि दुसरी संगीती भरली. पण त्याहून मला विनयपिटकातली दुसरी गोष्ट जास्त कामाची वाटते. आराम, विहार, खाटा-गाद्या, धातूची भांडी, कुऱ्हाड-कुदळीसारखी अवजारं, ही संघाची मालमत्ता कोणी वाटून घेऊ शकत नाही. सगळ्या संघाने ठरवलं तरी नाही. आणि भांडार सांभाळायला भाण्डागारिक नेमायचा तो संघासमोर ठराव मांडून. तो छंद, द्वेष, मोह आणि भय यांनी वाहवत जाणारा नसावा आणि काय साठ्यात आहे, काय नाही हे त्याला माहीत असावं. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्यांनी पैसा सोडला त्यांनी कोठाराच्या किल्लीचा विचार आधी केला होता. अर्थात हा संघ उपासकांच्या दानावर चालत होता आणि ते उपासक नांगर धरत होते, व्यापार करत होते. हेही झाकून ठेवू नये.

पुढच्या रविवारी मी हे सगळं मांडलं तेव्हा व्हिडिओ आणणारा मुलगा जरा हिरमुसला. त्याला वाटलं मी त्याचं स्वप्न मोडतो आहे. तसं नाही. विहारातली पातेली, सतरंज्या, मांडवाचे पाइप लग्नाला आणि पुण्यानुमोदनाला कोणाच्याही घरी बिनपैशाने जातात, ते त्याच्याच स्वप्नाचा तुकडा आहे. मी फक्त विचारलं की त्याची वही कुठे आहे. वही नव्हती. कोणाकडे किती दिवस पातेली राहिली यावरून दोन घरं अजून बोलत नाहीत, हेही तेव्हाच बाहेर आलं.

आता दोन कामं ठरली आहेत. वर्गातल्या दोन मुली विहाराच्या सामानाची वही करणार आहेत आणि भांडार सांभाळणारी व्यक्ती दर वर्षी वैशाखी पौर्णिमेला सगळ्यांसमोर बदलायची आहे. दुसरं काम जड आहे. गायरानावर घरं आणि वहिती असलेल्या कुटुंबांची नावं तलाठ्याकडच्या गाव नमुना १-ई मध्ये, म्हणजे अतिक्रमणांच्या नोंदवहीत, कधीपासून आहेत ते पाहायचं आहे. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाप्रमाणे १४ एप्रिल १९९० पर्यंतच्या नोंदी ज्यांच्या आहेत त्यांचा दावा उभा राहू शकतो. ज्यांची पावती, दंडाची नोटीस, जुनं मतदार कार्ड असं काही घरात असेल त्यांनी ते रविवारी घेऊन यावं. व्हिडिओ आणणाऱ्या मुलाला कागद स्कॅन करता येतात. त्याने सगळ्यांचे कागद एका फोल्डरमध्ये ठेवायचं कबूल केलं आहे, आणि पासवर्ड तिघांकडे राहील असं त्यानेच सुचवलं.