मिनीच्या पाठीवरचं बिऱ्हाड

तर मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय: इवलासा डेस्कटॉप घ्यायचा आणि मग थंडरबोल्टच्या केबलने त्याला ग्राफिक्स कार्डाचा वेगळा खोका जोडायचा. ह्याला ईजीपीयू म्हणतात.

लॅपटॉपला जोडा, माझी काही हरकत नाही. दिवसभर पाठीवर लॅपटॉप, रात्री घरी येऊन एक केबल खुपसली की गेम सुरू. त्यात लॉजिक आहे. पण जो संगणक टेबलावरून कधी हलणारच नाही, त्याला बाहेरचं कार्ड कशाला? घरजावयाला आणायला रोज स्टेशनवर रिक्षा पाठवण्यासारखं झालं हे!

"अरे पण जागा किती वाचते!" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं पाचवीचं गणित. २०१८ चा मॅक मिनी १९.७ गुणिले १९.७ गुणिले ३.६ सेंटिमीटर, म्हणजे साधारण १.४ लिटर. त्याच वर्षी आलेला रेझरचा कोअर एक्स हा खोका साडेचौदा लिटरच्या आसपास. बेरीज सोळाच्या घरात. आणि डॅन ए४ नावाची मिनी-आयटीएक्स केस आहे ७.२ लिटरची. तिच्यात मदरबोर्ड, पॉवर सप्लाय आणि दोन स्लॉटचं पूर्ण कार्ड, सगळं आत बसतं. मग जागा नक्की कोणाची वाचली? बरं, तो खोका आला तेव्हा २९९ डॉलरचा होता, कार्डाचे पैसे वेगळे. त्यात लॅपटॉप चार्ज करायला १०० वॉटची सोयही आहे. मिनीला बॅटरीच नाही, तेव्हा तीही फुकट.

आता वेग. थंडरबोल्ट ३ वर दिमाखात ४० गिगाबिट लिहिलेलं असतं. त्यातून कार्डाच्या वाट्याला येतात जास्तीत जास्त पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या चार लेन, म्हणजे ३२ गिगाबिट. प्रत्यक्षात त्याहूनही कमी. साध्या मदरबोर्डवर त्याच कार्डाला सोळा लेन मिळतात. थंडरबोल्ट ५ ने आकडा ६४ वर नेला, पण लेन चारच. वर मॉनिटर कार्डाला न जोडता संगणकाला जोडलात, तर तयार झालेलं चित्र त्याच केबलने परत येणार. सोळापदरी हायवेची गाडी चारपदरी रस्त्यावर, तीही जाऊन-येऊन.

सगळ्यात वाईट फरफट झाली मॅकवाल्यांची. ॲपलने मार्च २०१८ मध्ये ईजीपीयूला अधिकृत पाठिंबा दिला. सप्टेंबरमध्ये मोहावे आलं आणि एनव्हिडियाची नवी कार्डं बाद. उरलं फक्त एएमडी. मिनीवर फाइलव्हॉल्ट चालू असेल, तर सुरू करताना मॉनिटर आधी मिनीला जोडा, लॉगिन झाल्यावर कार्डाला जोडा, असा सल्ला खुद्द ॲपलचा! ब्लॅकमॅजिकचा तेव्हा ६९९ डॉलरला मिळणारा खोका तर कहर. त्यातलं कार्ड बदलताच येत नाही. बाहेरचं कार्ड घ्यायचं मुख्य कारण काय, तर उद्या बदलता यावं. तेच नाही! आणि नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ आला, त्यावर ॲपलने ईजीपीयूचा पाठिंबाच दिला नाही. अडीच वर्षांत खेळ खल्लास. 'भविष्याची सोय' म्हणून घेतलेला खोका नव्या मिनीला जोडून उपयोग शून्य.

दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. ज्या कामात डेटा एकदा कार्डाच्या मेमरीत गेला की बराच वेळ तिथेच राहतो, उदाहरणार्थ थ्रीडी रेंडरिंग, तिथे चार लेन फारशा बोचत नाहीत. आधीच मिनी पीसी घेऊन बसला असाल आणि हाताशी जुनं कार्ड असेल, तर जोडा की! माझं भांडण 'ठरवून' असा सेटअप घेण्याशी आहे.

आणि खरं सांगू का, माझा खरा राग खोक्यावर नाहीच. नव्वदच्या दशकापासून डेस्कटॉपमध्ये पीसीआयचा स्लॉट असायचा, फुकट. कार्ड जुनं झालं की स्क्रू काढा, नवीन लावा. कंपन्यांनी आधी तो स्लॉट काढून टाकला आणि त्याला 'डिझाइन' म्हटलं. मग तोच स्लॉट पत्र्याच्या पेटीत घालून आपल्याला विकला. आणि तो पेटीतला स्लॉट चालेल की नाही, हे पुढच्या ओएस अपडेटमध्ये ठरवणार कोण? तेच! आपण ईएमआयवर दोन्ही घेतो आणि वर टेबलाचे फोटो काढतो.

स्लॉट ही चैन नाहीये राव. आपण पैसे मोजून घेतलेलं मशीन आणखी पाच वर्षं वापरायचं की भंगारात टाकायचं, हे ठरवायचा आपला हक्क आहे तो. तेव्हा डेस्कटॉप घेताना आधी झाकण उघडून बघा. आत स्लॉट नसेल, तर वरच्या चकचकीत ॲल्युमिनियमला भुलू नका.

असो. जेवायला हाक आली. बाकी भांडण पुढच्या शनिवारी.