रात्रपाळीतील विश्रांतीबाबत मागणीपत्र

प्रति,
कारखाना व्यवस्थापन, तारापूर औद्योगिक क्षेत्र, बोईसर

वाणगाव परिसरातून पाळीवर येणाऱ्या कामगारांच्या वतीने हे मागणीपत्र देत आहोत. तोंडी बोलणे पुष्कळ झाले. आता लेखी उत्तर हवे.

पहाटे तीन ते पाच या वेळेत माणसाची सावधता सर्वांत कमी असते. नेमके तेव्हाच रिअॅक्टरचे तापमान पाहायचे, लॉगशीट भरायची आणि पुढच्या पाळीला काय सांगायचे ते ध्यानात ठेवायचे असते. झोपेविना मेंदूत नवी नोंद नीट टिकत नाही. व्हॉल्व्ह बंद केला की करायचा राहिला, हे दहा मिनिटांत आठवेनासे होते. रासायनिक कारखान्यात अशी चूक एकट्याला भोवून थांबत नाही.

डुलकी लागली की मेमो मिळतो. त्याने झोप जात नाही. नासाने लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणातच आळीपाळीने 40 मिनिटे विश्रांती दिली. ते सरासरी 26 मिनिटे झोपले आणि पुढे अधिक सावध राहिले. वैमानिकाला जे चालते ते ऑपरेटरला नाकारण्याचे कारण नाही. प्रत्येक नाईटला 1 ते 4 दरम्यान आळीपाळीने 40 मिनिटे द्यावीत: 25 झोपेची, 15 पुरते जागे होण्याची. खोली प्लांटच्या वासापासून दूर, अंधारी, पंख्याची असावी. जेवणाच्या सुट्टीत बदली माणूस उभा राहतो, तसाच इथेही राहील. पगारकपात नको.

रिलिव्हर आला नाही की डबल, म्हणजे सलग दुसरी पाळी, करावी लागते. घरून निघाल्यापासून धरले तर सलग जागरण 17 तासांवर जाते. 1997 च्या एका अभ्यासानुसार तेवढ्या जागरणाने हातून होणारे काम रक्तात 0.05 टक्के मद्य असल्यासारखे बिघडते. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा 0.03 आहे. नाईटला जोडून डबल पूर्ण बंद करावी.

पाळी फर्स्ट, सेकंड, नाईट याच क्रमाने फिरवावी. उलट फिरवल्याने शरीराचे घड्याळ जुळत नाही. या बदलाला खर्च नाही.

नाईट करून पत्र्याच्या घरात जेमतेम डोळा लागतो, तोच दुपारी ट्रेनिंगला बोलावणे येते. शिकलेले पक्के होते ते झोपेत. ट्रेनिंग फर्स्टच्या आठवड्यातच, कामाच्या वेळेत घ्यावे.

एका विभागात तीन महिने हे राबवून पाहावे. लॉगशीटमधील चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात दोन्ही बाजूंनी एकत्र तपासावेत. आम्ही त्याला तयार आहोत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास हेच पत्र औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाईल.