मॉकची साक्ष पुरेशी नाही

क्लाउडच्या प्रत्येक सेवेचा मॉक करा, फंक्शनवर स्पाय लावा आणि सगळ्या टेस्ट लॅपटॉपवरच उरका. खऱ्या क्लाउडवर टेस्ट करण्यात वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात, असे सर्व्हरलेस कामात सर्रास म्हटले जाते. पिंपळे गुरवमध्ये राहून हिंजवडीत कोड लिहिणाऱ्यांकडून मी हे वरचेवर ऐकतो. मला ते साफ अमान्य आहे.

वेगाचा मुद्दा मान्य. बिलावरचा कर काढणारे फंक्शन लॅपटॉपवरच तपासावे. पण सर्व्हरलेसमध्ये घात होतो तो दोन सेवांच्या सांध्यात. समजा, चाकणच्या पुरवठादाराने ‘चाकण पावती’ नावाची फाइल एस-थ्री या साठवणूक सेवेत टाकली आणि लॅम्बडा फंक्शनने ती वाचायची आहे. एस-थ्रीकडून लॅम्बडाला थेट येणाऱ्या इव्हेंटमध्ये हे नाव जसेच्या तसे येत नाही. मधल्या मोकळ्या जागेचे अधिकचिन्ह होते, देवनागरी अक्षरांचे टक्केचिन्हांचे कोड होतात. ते न उलगडता फाइल मागितली तर ती सापडत नाही. त्यात बकेटची यादी पाहण्याची परमिशन नसेल, तर ‘फाइल नाही’ऐवजी ‘परवानगी नाही’ असे उत्तर येते आणि चूक शोधणारा भलत्याच वाटेला लागतो. मॉकमध्ये मात्र साधे नाव आपणच लिहिलेले असते, म्हणून टेस्ट पास! आपलेच गृहीतक मॉक आपल्याला परत ऐकवतो. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग बरोबर आहे म्हणून जॉब पास होत नाही; गेज लावावाच लागतो.

म्हणून स्पाय ठेवा, पण त्याची जागा बदला. प्रत्येक डेव्हलपरला स्वतंत्र स्टॅक द्या. इव्हेंटब्रिजवर एक रूल जोडून फंक्शनने तिथे पाठवलेल्या प्रत्येक इव्हेंटची प्रत टेस्टपुरत्या एसक्यूएस क्यूमध्ये पाठवा. प्रत्यक्षात काय बाहेर पडले, ते हा स्पाय सांगतो. बाकीचे हेल्पर फंक्शनवर सोपवा: फाइल टाकणे, टेस्टचा वेगळा आयडी लावणे, त्या आयडीचा इव्हेंट क्यूवर येईपर्यंत ठरलेल्या मुदतीत वाट पाहणे, शेवटी साफसफाई. ‘पाच सेकंद थांब’ अशी ओळ नको. एसक्यूएसचे लाँग पोलिंग 20 सेकंदांपर्यंत थांबू शकते आणि मेसेज येताच परतते. स्टँडर्ड क्यू एखादा मेसेज दोनदाही देऊ शकते. म्हणून एकच इव्हेंट मुद्दाम दोनदा पाठवणारा हेल्परही हवाच. नाहीतर एकाच मालाची नोंद दोनदा होईल.

खर्चाचे म्हणाल, तर लॅम्बडाच्या दरमहा पहिल्या 10 लाख रिक्वेस्ट मोफत असतात. ज्यांना अजूनही शंका आहे, त्यांनी निदान एका फंक्शनसाठी असा स्टॅक उभारावा आणि पहिलीच फाइल देवनागरी नावाची टाकून पाहावी.