झाडू कुणाच्या हातात?

बालमित्रांनो,

तुमच्या वर्गात सफाईची पाळी असते ना? मग जरा आठवून सांगा बघू, झाडू कुणाच्या हातात असतो? आणि बाहेर उभं राहून "बाई, झालं!" असं ओरडायला कोण असतं?

विचारतेय, कारण चूक माझ्याच हातून झाली होती. गेल्या वर्षी चौथीच्या मुलांना घेऊन मी गावातल्या सार्वजनिक नळाजवळची जागा साफ करायला गेले. मुलींनी झाडू घेतले, मुलांनी घोषणांचे फलक. मी काही तसं ठरवलं नव्हतं, पण थांबवलंही नाही. दुसऱ्या दिवशी एका मुलीचे वडील शाळेत आले. "बाई, झाडलोट ती घरी करतेच. शाळेत शिकायला पाठवतो तिला." आधी मला रागच आला. रात्री विचार केला, तेव्हा पटलं.

आणखी एक गंमत ऐका. आम्ही निघालो तेव्हा पाण्याला आलेल्या एका आजीनं विचारलं, "परत कवय येशात?" आम्ही सगळे हसलो. पंधरा दिवसांनी तिथे पुन्हा तस्साच चिखल!

आपल्या अमळनेरची एक गोष्ट सांगते. साने गुरुजी 1924 साली तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. 1930 पर्यंत ते तिथे होते. छात्रालयही सांभाळायचे. मुलांनी खोलीत पसारा केला की ओरडायचे नाहीत, स्वतःच आवरायचे. कुणी आजारी पडलं की उशाशी बसायचे. मुलांसाठी हाताने लिहून रोज 'छात्रालय दैनिक' काढायचे. गुरुजी आपली खोली आवरताहेत म्हटल्यावर कोणता मुलगा स्वस्थ बसेल? पुढे 1936 च्या डिसेंबरात आपल्या जिल्ह्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलंच अधिवेशन. तिथे गुरुजींनी मैला उचलण्याचंसुद्धा काम केलं. ज्या कामासाठी काही ठरावीक लोकांनाच राबवलं जायचं, ते काम!

मग मीही झाडू उचलला. पाळीचा तक्ता नव्याने केला, त्यात माझं नाव पहिलं. एक मुलगा म्हणाला, "बाई, मी झाडू धरला तर आई हसेल." म्हटलं, हसू दे की! तो दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी आला.

या वेळी झाडण्याआधी आम्ही चिखल का होतो ते पाहिलं. नळ गळत होता. मुलांनी खाली 200 मिलिलिटरचा पेला धरला. तो 10 मिनिटांत भरला. आता करा बरं हिशोब! तासाला 1 लिटर 200 मिलिलिटर. दिवसाला जवळजवळ 29 लिटर! खानदेशातल्या उन्हाळ्यात हंड्या-कळश्या घेऊन फिरणाऱ्या घरांना विचारा 29 लिटर म्हणजे काय. जी मुलं गुणाकाराला कंटाळतात, त्यांनीच हा हिशोब फळ्यावर तीनदा करून पाहिला. मग ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. (मराठीच्या पुस्तकात अर्जलेखन असतं, पण त्या अर्जाला उत्तर कधी येत नाही!) पहिल्या अर्जाला आम्हालाही उत्तर आलं नाही. दुसरा घेऊन मुलं स्वतः गेली. आठवड्याने नळाला नवा वायसर बसला.

पालकहो, ही काही आमची नवी टूम नव्हे. 1964 ते 66 च्या कोठारी आयोगानेही समाजसेवा हा शिक्षणाचाच भाग मानला होता. पण तुमची शंकाही रास्त आहे. मुलांना नुसतं राबवून घेतलं जातंय असं वाटलं, तर शाळेत येऊन जरूर विचारा. त्या वडिलांनी विचारलं म्हणून तर तक्ता बदलला.

आता आम्ही दर शनिवारी नळावर जातो. चिखल कमी झालाय, पण पूर्ण गेलेला नाही, कारण सांडपाण्याला वाटच नाही. गटारीचा उतार कसा मोजायचा, यावर सध्या वर्गात भांडण चाललंय. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर पत्राने कळवा. आजी अजून विचारते, "परत कवय येशात?" आता मुलं तिला वार सांगतात.

तुमच्या,
बाई