धूळ वाळवंटाची, धूर कुणाचा?

२३ जानेवारी २०२२ रोजी मुंबई धुळीने भरून गेली होती. ती धूळ कराचीकडून अरबी समुद्रावरून आली होती. लगेच सगळीकडे सुरू झालं : पाकिस्तानची धूळ! गंमत म्हणून ठीक आहे. पण त्याच्या दीडेक महिना आधी, डिसेंबर २०२१ मध्ये, उत्तर प्रदेश सरकारच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयात गंभीरपणे सांगितलं होतं की, दूषित हवा पाकिस्तानातून येते. सरन्यायाधीश रमणा यांनी विचारलं, मग काय तिथले कारखाने बंद करायचे?

प्रश्न चोख होता. तरीही हवा बिघडली की बोट पश्चिमेकडे दाखवायची सवय काही जात नाही. त्या बोटाच्या टोकाला कधी पाकिस्तान असतो, कधी अरबस्तान, आणि बोलणाऱ्याच्या मनात कोण असतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

वाळवंटाची धूळ आजची नाही. रत्नागिरी-रायगडची जी माणसं कुवेत-दम्मामला राबून आलीत, त्यांना उन्हाळ्यातला शमाल वारा विचारा. दार-खिडक्या बंद केल्या तरी ताटात वाळू येते. हीच धूळ अरबी समुद्रावर आली की तिथली हवा तापवते, दमट वारे जोराने आत ओढले जातात आणि आठवडाभरात मध्य भारतात पाऊस वाढतो. २०१४ साली भारतीय आणि अमेरिकी संशोधकांनी हे मांडलं आहे. म्हणजे जिला शिव्या देतो, तीच काही वेळा आपल्या शेतावर पाऊस आणते.

बिघडतं ते पुढे. गाड्या, वीजकेंद्रं, कारखाने यांच्या धुरातल्या वायूंपासून हवेत नायट्रिक आम्ल बनतं. धुळीच्या कणात चुनखडी असते. दोघांची गाठ पडली की कणावर क्षाराचा थर चढतो, तो पाणी शोषतो, कण फुगून जड होतो आणि लवकर खाली बसतो किंवा पावसात धुऊन जातो. जाताना हवेतले बारीक कणही सोबत नेतो. ऐकायला बरं वाटतं. पण हेच कण सूर्यप्रकाश परत फेकून पृथ्वीला थोडी सावली देत होते. ती विरळ होते. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२० मध्ये हाच हिशेब मांडला : धूळ आणि प्रदूषण एकत्र आले की थंडावा कमी होतो. त्यात काजळी असेल तर ती ऊन शोषून हवा आणखी तापवते. ‘धुरकट हवेने ऊन तरी कमी लागतं’ म्हणणाऱ्यांनी हे वाचावं.

तेल आखाताचं, हे खरंच. तिथले राज्यकर्ते तेल विकून गब्बर झाले, त्यांनाही सूट नको. पण ते जाळतो कोण?

देवनारचा कचरा-डोंगर जानेवारी २०१६ मध्ये पेटला, तेव्हा त्याचा धूर उपग्रहातून दिसला. तो कुठल्या वाळवंटातून आला नव्हता. पायथ्याशी गोवंडी, शिवाजीनगर, बैंगनवाडी. तिथे राहणारे बहुतेक मुसलमान आणि दलित. बाहेरून धूळ येते तेव्हा ती याच धुरात मिसळते आणि याच छातीत जाते. म्हणून पालिकेकडे मागणी एवढीच : पुढच्या वेळी हवेचे आकडे जाहीर कराल तेव्हा धूळ किती आणि आपला धूर किती, हे वेगवेगळं सांगा. वॉर्डनिहाय सांगा.